रंभाबायचं बोट

बेलपाड्यात मूल जन्मलं की ते आधी रंभाबायचं बोट चाखे आणि मग आईचं दूध. नाळ कापून झाली, अंग पुसून झालं की रंभा उजव्या हाताचं पहिलं बोट बाळाच्या तोंडात घाली, जिभेखालून या गालापासून त्या गालापर्यंत फिरवी आणि दारात ताटकळलेल्या बापाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सांगे, "मोकली हाय!" तो शब्द कानावर पडला की बाप तिथंच बूड टेकायचा आणि विडी पेटवायचा. जीभ मोकळी नसली तर रंभा काही बोलत नसे. करंगळीचं नख तिनं त्याच कामासाठी राखलं होतं, लांब आणि धारेचं. ते जिभेखाली जाई, बाळ एकदा किंचाळे आणि मग आतून आवाज येई, "आता मोकली हाय!"

ओव्यापासून तळोज्यापर्यंतची माणसं म्हणत, रंभाबायच्या बोटाला डोळे आहेत. रंभालाही ते मनापासून पटलेलं होतं. नाही तरी स्वतःबद्दलची चांगली गोष्ट पटायला तिला फारसा वेळ लागत नसे.

त्या वर्षी तिच्या स्वतःच्याच घरात पाळणा हलायचा होता. खाडीवर तेव्हा पूल नव्हता, पनवेलला रेल्वे आली नव्हती, आणि बेलपाड्याचं अर्धं गाव मिठागरावर जगत होतं. बुधाजी, तिचा एकुलता एक मुलगा, मिठागरावर वाफे तुडवायला जाई. त्याची बायको भामा पोट नवव्या महिन्याला लागेपर्यंत मिठाच्या टोपल्या वाहत होती. वैशाखात एका सकाळी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि ऊन डोक्यावर आलं तेव्हा मुलगी झाली. भामाचं रक्त फार गेलं. रंभानं तिला सावरलं, पोटावर दाब दिला, गरम पेज पाजली, आणि सगळं निभावल्यावर शेवटी बोट नातीच्या तोंडात घातलं.

"मोकली हाय!"

बुधाजीनं दारात विडी पेटवली.

पण पोरगी काही पिईना. म्हणजे तोंड लावी, दोन-चार वेळा ओढी, मग जीभ टाळ्यावर वाजवल्यासारखा टक-टक आवाज येई आणि छाती तोंडातून निसटे. दूध हनुवटीवरून गळ्यात उतरे. ती पुन्हा तोंड मारी, पुन्हा निसटे, रडून लाल होई आणि थकून अर्धपोटी झोपे. जरा वेळानं परत तेच. भामाच्या छातीला चिरा पडल्या. पाजायची वेळ आली की ती ओठ दाताखाली धरून बसे आणि पायाची बोटं सारवलेल्या जमिनीत रुतवी.

रंभानं निकाल दिला, "दूध पातल हाय तुजा. पोरीला धरत नाय."

मग उपाय सुरू झाले. अळीव झाले, खोबरं झालं, सुकटीचं कालवण झालं. नजर उतरून मिरच्या चुलीत टाकल्या. भामा समोर येईल ते मुकाट्यानं गिळत होती. तिची छाती दगडासारखी भरून येई, पदर ओला होई, आणि तरी घरात तिला ऐकावं लागे की दूध नाही. एके दिवशी मागच्या दारी बसली असताना तिनं विहिरीवरचं बोलणं ऐकलं. रंभाचा आवाज तसा अर्ध्या गावाला ऐकू जायचा.

"माज्या सुनेच्या दुधात कसच नाय गो. दिसायला म्हशीवानी, पन पोर उपाशी!"

बायका हसल्या. भामानं पोरीला आणखी घट्ट धरलं. हे ऐकून तिला जेवढं लागलं तेवढं त्या चिरांनीही लागलं नव्हतं.

संध्याकाळी तिनं धीर करून विचारलं, "आत्ये, पोरीची जीब परत एकदा बगता काय?"

रंभा सूप पाखडत होती. सूप थांबलं.

"माज्या बोटानं बगितलंय ना?"

"बगितलंय, पन..."

"मंग परत काय बगायचा? माजा बोट हाय तो, पंचांग नाय, दर सालाला बदलायला!"

बुधाजी कोपऱ्यात जाळं सांधत होता. त्यानं मान वर केली, आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि पुन्हा जाळ्यात घातली. आई आणि बायको यांच्या मधे बोलणं म्हणजे भरतीच्या वेळी बांधाच्या उघाडीत, पाण्याच्या झडपेत, हात घालणं, असं त्याचं मत होतं.

शेजारून शेळीचं दूध आणून कापसाच्या बोळ्यानं घालून पाहिलं. पोरगी ते ओकली. तिच्या मांड्यांवरची कातडी सैल पडली, टाळू खोल गेली. रडण्याचा आवाजही आता मांजराच्या पिलासारखा बारीक झाला. रंभा तिला आंघोळ घालताना पायांवर घेई तेव्हा तिचं वजन पायांना जाणवत नसे. मग ती भामावरच खेकसे, "आनखी अलीव खा!"

तशात आभाळ भरून आलं.

मिठागरात मीठ पांढरंशुभ्र धरलं होतं आणि दक्षिणेकडून ढग चढत होते. वळवाची एक सर आली की महिन्याची मेहनत पाण्यात जाते. मुकादम धर्मराज घरोघर फिरून ओरडला, "जो चालता हाय त्यानं यायचा! म्हातारी-कोतारी सगली!" रंभा कंबर बांधून निघाली.

उन्हानं मीठ डोळ्यांत भोसकत होतं. पुरुष लाकडी फळीनं वाफ्यातलं मीठ ओढून काठाला आणत, बायका ते दोन्ही हातांनी टोपलीत भरत, टोपली डोक्यावर घेत आणि निसरड्या बांधावरून राशीपर्यंत धावत. खारं पाणी टोपलीतून मानेवर, पाठीवर निथळे. टाचांच्या भेगांत मीठ शिरलं की आधी आग होते, मग काहीच होत नाही. रंभाचं अर्धं आयुष्य या भेगांवर गेलं होतं. तिनं त्याची तक्रार कधी केली नव्हती.

तिच्या शेजारी ओव्याची ठकू भरत होती. ठकू अंगानं सुकलेली, बोलायला कमी. तिनं हात थांबवले.

"रंभाबाय, तुमच्या बोटातून रगत येतंय."

रंभानं पाहिलं. टोपलीतलं मीठ एका बाजूला गुलाबी झालं होतं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटात, अगदी पेरावर, कालवाच्या शिंपलीचा तुकडा रुतला होता. चांगला आत गेला होता. तिनं तो दातानं धरून उपसला. रक्ताची धार लागली. त्या जखमेवर खारं पाणी होतं, वर मीठ होतं, आणि रंभाला काही म्हणजे काही लागलं नव्हतं.

तिनं ते बोट दुसऱ्या हातानं दाबलं. चावून पाहिलं. टोपलीच्या कडेवर घासून पाहिलं. बोट तिचंच होतं, पण टोपलीचा वेत त्याला कळत नव्हता. जणू दुसऱ्या कुणाचं बोट उसनं आणून हाताला लावलं होतं.

"काय झाला?" ठकूनं विचारलं.

रंभानं तिच्याकडे पाहिलं, आणि तिला न आठवायची गोष्ट आठवली. ठकूचं पहिलं मूल. त्याची जीभ रंभानंच सोडवली होती, नखानं. मूल चार दिवस छान प्यायलं आणि मग त्याचा जबडाच मिटला. अंग धनुष्यासारखं ताठ झालं आणि गेलं. सटवाईनं लिहिलेलं, असं सगळे म्हणाले. ठकूही तेच म्हणाली. रंभाला कुणीही बोल लावला नव्हता, आणि त्यानंतर ठकू दिसली की रंभा नेहमी जरा जास्तच मोठ्यानं बोलायची.

आज तिचा आवाजच फुटेना. "मी घरा चालली," एवढंच ती म्हणाली आणि टोपली तिथंच टाकून बांधावरून निघाली.

"ओ रंभाबाय!" धर्मराज मागून ओरडला. "आभाल फाटायला आयलंय आन तू घरा? उद्या आयलीस तर बग! दुसरी बाय उबी करीन तुज्या जागेवर!"

सगळ्या मिठागरासमोर असं कुणी तिला बोललं नव्हतं. रंभानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

घरी आल्यावर तिनं भामाच्या मांडीवरून नातीला उचललं आणि तशीच अंगणात उजेडात आणली. पोरगी रडू लागली. रंभानं या खेपेला बोट घातलं नाही. ती वाकून नुसती पाहत राहिली. रडताना जीभ वर उचलायला हवी, ती उचलतच नव्हती. मधोमध खाली ओढल्यासारखी, टोकाला पिंपळपानासारखी खाच पडलेली, आणि तिच्याखाली एक जाड पांढरी दोरी. आंधळ्यालाही दिसावी अशी होती.

"भामे," ती म्हणाली. "पोरीची जीब बांदलेली हाय."

भामा दाराला धरून उभी होती. बुधाजी मिठागरावरून आईच्या मागोमाग धावत आला होता, त्यानं सुटकेचा श्वास टाकला. "मंग काप ना, आये! गावच्या पोरांच्या कापल्यास, ही तर घरची."

रंभानं करंगळीकडे पाहिलं. नखाखाली चिखल होता. तो नेहमीच असायचा, ती नख पदराला पुसायची आणि काम करायची. तिनं मूठ मिटली.

"नाय कापायची मी."

"का पन?"

"नाय म्हटला ना!"

आता भामाचा बांध फुटला. "लोकांच्या पोरांना तुमी सोडवलात. माजीलाच का नाय, आत्ये? पोरगी हाय म्हनून? मुलगा असता तर कापली असतीत ना?"

रंभाला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ती अंगणातच खाली बसली. नात मांडीवर, आणि ते रक्ताळलेलं बोट पुढं धरून.

"ये. इकडं ये. चाव या बोटाला."

"काय?"

"चाव म्हनते ना! जोरानं चाव."

भामा चावली नाही. तिनं ते बोट हातात घेतलं आणि जखमेवर अंगठ्यानं दाबलं. सासू तिच्याकडे पाहत होती, डोळे पाण्यानं भरलेले, पण चेहऱ्यावर वेदनेची रेघसुद्धा नाही.

"लागत नाय मना," रंभा म्हणाली. "कवापासून लागत नाय ते पन ठाव नाय. मिठानं बोट मारलंय माजा. मी मेल्या बोटानं पोरीची जीब बगितली, आन तुज्या दुधाला नावा ठेवली. विहिरीवर ठेवली. तुजा दूध चांगला हाय गो. माजा बोट खोटा बोलला."

भामानं आपल्या पदराची चिंधी फाडली आणि ते बोट बांधलं. बांधून झाल्यावरही ती तिथून उठली नाही.

पनवेलला सरकारी दवाखान्यात एक नर्स आहे, तिचा हात हलका आहे, असं मिठाच्या मचव्यावरचा हसन तांडेल नेहमी सांगे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला तो मीठ घेऊन निघाला, तेव्हा मचव्यात मिठाच्या राशीच्या कडेला ताडपत्रीखाली तिघी बसल्या. बुधाजी धर्मराजाच्या तावडीतून सुटला नाही, तो बांधावर उभा राहून हात हलवत राहिला. ढग डोक्यावरच होते पण सर अजून थांबली होती.

"हेप्झिबाबाई चांगली औरत आहे," हसन सुकाणू धरून म्हणाला. "माझ्या फरिदाच्या वेळेला तिनंच जान वाचवली. फिकर करू नका." मग त्यानं कपाळाला हात लावला. "या अल्ला! आज शनवार की!"

"मंग?"

"शनवारी ती दवाखान्यात नसते. बेने इस्रायली, म्हणजे यहुदी लोक, शनवार पाळतात. काम नाही, चूल नाही, काय नाही."

रंभानं नातीच्या टाळूवर हात ठेवला. टाळू खळग्यासारखी लागली, एवढं तिच्या तळव्याला अजून कळत होतं.

"मी तिच्या दारात बसेन," ती म्हणाली. "रविवार उजाडंस्तवर बसेन."

बंदरावरून हसननं त्यांना थेट हेप्झिबाबाईच्या घरी नेलं. कौलारू, नीटनेटकं घर. ओटीवर एक म्हातारे गृहस्थ पांढरी टोपी घालून पुस्तक वाचत होते, ते तिचे वडील एलिजा. हेप्झिबाबाई आतून आली. चाळिशीची, सडपातळ, इस्त्रीच्या पांढऱ्या लुगड्यात. बेलपाड्याच्या बायकांचे चिखलाचे पाय तिनं पाहिले आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

रंभा बोलायला लागली तेव्हा सगळं एकदमच बाहेर आलं, मीठ, ढग, दूध, बोट, शनवार. बाईनं अर्ध्यातच पोरीला घेतलं, खिडकीशी नेलं, हात धुतले आणि करंगळीनं आत चाचपलं. तिच्या करंगळीचं नख मुळापर्यंत कापलेलं होतं. रंभानं तेच आधी पाहिलं, आणि आपला हात पदराखाली घेतला.

"जीभ बांधलेली आहे. दोरी मागपर्यंत गेलीय," हेप्झिबाबाई म्हणाली. "वरचा ओठही खाली ओढलेला आहे, हे बघा. म्हणून तोंड नीट उघडून धरता येत नाही तिला. बाळ किती उपाशी आहे हो!"

"शनवार हाय म्हनं तुमचा," रंभा म्हणाली. "आमी बसतो. उद्या..."

"भुकेल्या लेकराला कुठला शनवार?" ओटीवरून एलिजा म्हणाले. त्यांनी पुस्तकातून डोळे काढले नव्हते. "उलट उद्यावर टाकलंस तर पाप लागेल, हेप्झिबा."

"मला सांगायला नको, पप्पा." ती हसली. मग रंभाकडे वळली. "कात्री मी धरते. पण माझी चूल कालपासून गार आहे. ती तुम्ही पेटवाल? पाणी उकळायचंय."

असं कुणी रंभाला सांगितलं आणि तिनं ऐकलं, हे बेलपाड्यात कुणाला खरं वाटलं नसतं. परक्या घरात, परक्या चुलीपुढं ती उकिडवी बसली, फुंकणीनं जाळ केला, पातेलं ठेवलं. बाईनं बोथट टोकाची लहान कात्री त्या पाण्यात सोडली.

"उकलायची? लोखंड?" रंभानं विचारलं.

"हो. चांगलं खळाखळा उकळू दे. दिसत नाही ती घाण मरते. नाही तर ती जखमेत जाते आणि बाळाचा जबडा मिटतो."

जाळ चांगला लागला होता. रंभा पातेल्याकडे पाहत राहिली. पाणी उकळत होतं, आत कात्री हलत होती.

"अंग धनुष्यासारखा होतो काय?" तिनं हळूच विचारलं.

हेप्झिबाबाईनं तिच्याकडे पाहिलं. पदराखालच्या हाताकडेही पाहिलं. "सुईण आहात ना तुम्ही?"

रंभानं हात बाहेर काढला. नख दाखवलं. जन्मात पहिल्यांदा तिला त्याची लाज वाटत होती. आता ही शिकलेली बाई काय ते सुनावील, असं वाटून तिनं मान खाली घातली.

"माझी आजी तेलाच्या घाण्यावर बसायची," हेप्झिबाबाई म्हणाली. "तिचंही असंच नख होतं. गावच्या पोरांच्या जिभा सोडवायची. तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं, रंभाबाई."

"एका पोराचा..." रंभा म्हणाली. धुरानं डोळ्यांत पाणी आलं, असं तिनं म्हटलं असतं, पण चुलीला धूर नव्हता. ती रडली, तोंडात पदर कोंबून, मिठागरावरची दणकट बाई, आणि ते मूल गेल्यापासून पहिल्यांदा रडली. भामानं मांडीवरच्या पोरीसकट सरकून तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग काम झालं, ते अगदी थोडक्यात. पोरीला चादरीत घट्ट गुंडाळलं. रंभानं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं, "हलू नका," बाई म्हणाली, आणि रंभा श्वास घ्यायचीसुद्धा थांबली. एका हातानं बाईनं जीभ उचलली. पांढरी दोरी ताणली गेली. कात्री एकदा मिटली, जरा आत जाऊन पुन्हा एकदा मिटली. पोरगी किंचाळली. रक्ताचे चार-दोन थेंब आले, बाईनं ते उकळलेल्या कापडानं टिपले.

"घ्या. लगेच पाजा. मी ओठ उचलून धरते. वरची दोरी कापायची नाही, ती वाढेल तशी सैल होईल. फक्त पाजताना हा ओठ असा बाहेर उलटायचा."

भामानं पदर बाजूला केला. डोळे गच्च मिटले, ओठ दाताखाली धरला, पायाची बोटं आवळली. पोरगी रडता रडता छातीला लागली. एकदा ओढलं, दोनदा ओढलं. टक आवाज आला नाही. सगळे थांबले होते. ओटीवरचं पान उलटायचंही थांबलं होतं. आणि मग तो आवाज आला, पाणी घशातून उतरतं तसा, घुटुक, घुटुक.

भामानं डोळे उघडले.

"दुखत नाय," ती म्हणाली. "आत्ये, दुखत नाय!"

पोरगी पीत होती. कपाळावर घाम येईपर्यंत पीत होती. एक मूठ तिनं छातीवर ठेवली होती आणि ती उघडत होती, मिटत होती. भरलेलं ते दूध, ज्याला कस नाही म्हणून गावभर सांगितलं होतं, ते तिच्या गळ्याखाली उतरताना दिसत होतं. रंभा चुलीपुढं बसून पाहत राहिली आणि तिच्या मनात एवढंच येत होतं, पी गो बाय, पी.

निघताना तिनं हेप्झिबाबाईकडे कात्री मागितली. करंगळीचं नख इतकं जाड झालं होतं की त्या लहान कात्रीला ते कापेना. शेवटी हसन तांडेलाच्या चाकूनं ते उडालं. "अरे, हे तर होडीची भोकं बुजवायला ठेवलं असतं," हसन म्हणाला, आणि भामा हसली. बाळंत झाल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती.

मचवा परतताना वळीव आला. मिठागरातलं निम्मं मीठ रात्रीत विरघळलं. धर्मराजानं रंभाच्या जागेवर दुसरी बाई उभी केली होती, पण पाऊस पडल्यावर ती जागाच उरली नाही, त्यामुळे त्याला रंभाला काही म्हणता आलं नाही. उघडीप मिळाल्यावर उरलंसुरलं मीठ खरवडायला रंभा गेली, तेव्हा ठकूच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिला सगळं सांगितलं. नख, चिखल, उकळलेली कात्री, सगळं. ठकूनं ऐकलं. हातातलं मीठ तिनं टोपलीत टाकलं. 

"टोपली भरली," ती शेवटी म्हणाली. "हात लावा, रंभाबाय. एकटीला उचलायची नाय."

दोघींनी मिळून ती उचलली.

बारसं आषाढावर गेलं. तोवर पोरीच्या मांड्यांना वळ्या पडल्या होत्या. मिठागरावरच्या घरांची तिथं एक रीत होती. बारशाच्या दिवशी सुईणीला पाटावर बसवायचं, ओटी भरायची, आणि तिनं मिठाच्या खड्याला ओलं बोट लावून ते बाळाच्या जिभेला नुसतं टेकवायचं. मीठ ओळखल्याशिवाय मूल या गावचं होत नाही, असं म्हणत. गावातल्या प्रत्येक मुलाला पहिली चव रंभानं दिली होती.

घर बायकांनी भरलं होतं. ठकूही ओव्याहून आली होती. पाट मांडला, रांगोळी घातली आणि सगळ्या रंभाकडे पाहू लागल्या. रंभा उठली. भामाचा दंड धरला आणि तिला पाटावर बसवलं.

"आत्ये! हा तुमचा मान."

"गप बस." मग रंभा बायकांकडे वळली. विहिरीवर ती ज्या आवाजात बोलली होती, त्याच आवाजात, "आयका गो! विहिरीवर मी बोलली, माज्या सुनेच्या दुधात कस नाय. ते खोटा हाय. पोरीची जीब बांदलेली होती आन माज्या बोटाला कलली नाय. दूध तिचा चांगलाच हाय. पोरीच्या मांड्या बगा, आन कुनाला काय म्हनायचा असंल तर माज्या तोंडावर म्हना!"

भामानं मान खाली घातली, पण पदर डोळ्यांकडे गेला, ते सगळ्यांनी पाहिलं. तिनं स्वच्छ धुतलेलं बोट ओलं केलं, खड्याला टेकवलं आणि पोरीच्या ओठांशी नेलं. चांगुणा, चांगुणा, चांगुणा, असं नाव कानात पडलं.

चांगुणानं मीठ चाखलं. कपाळाला आठ्या घातल्या. डोळे बारीक केले. आणि मग समोर उभ्या असलेल्या आजीकडे बघत तिनं जीभ बाहेर काढली, ओठाच्या पार पुढं, हनुवटीला लागेल इतकी लांब.

"आजीला वेडावते गो पोरगी!" कुणीतरी ओरडलं आणि सगळं घर हसायला लागलं. ठकूसुद्धा हसली.

बेलपाड्यात रंभाबायला जीभ दाखवून कुणी सुखानं घरी गेलं नव्हतं. रंभा खाली वाकली, नातीच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ गेली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"दाखव गो बाय," ती म्हणाली. "दाखव. आजीला दाखव. आनखी एकदा दाखव."